सुरुवातीपासूनच ओपन

"ओपन होतं," सुचेता म्हणाली. "सुरुवातीपासूनच ओपन."

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आवाज क्लासमधला लागलाय. भाईंदर स्टेशनजवळच्या त्या प्लायवूडच्या पार्टिशनमध्ये फळ्यापुढे उभं राहिलं की लागतो तो. स्पष्ट, किंचित कंटाळलेला, समोरच्याने शंका काढूच नये असा. सोफ्यावर बसलेला सबइन्स्पेक्टर मान खाली घालून लिहीत होता. त्याच्या बाजूचा हवालदार चहाचा रिकामा कप हातात धरून भिंतीवर चिकटवलेल्या आरोहीच्या चित्रांकडे बघत होता. सकाळची वेळ. आरोहीला शाळेच्या रिक्षात बसवून ती नुकतीच वर आली होती, ईश्वर केव्हाच ऑफिसला गेला होता, आणि बेल वाजली तेव्हा तिला वाटलं, इस्त्रीवाला. दार उघडलं तर खाकी.

"म्हणजे पासवर्ड वगैरे काही नाही?"

"नाही."

"म्हणजे बिल्डिंगमधला कोणीही तुमचं नेट वापरू शकतो? खाली गाडीत बसलेला माणूसपण?"

"रेंज येते तिथपर्यंत कोणीही. खालच्या मजल्यावर येते. समोरच्या विंगमध्येही थोडी येत असेल."

"आणि तुम्ही स्वतः कम्प्युटर शिकवता." तो हसला नाही. "मॅडम, लॉक लावायला पाच मिनिटं लागतात म्हणे."

"राहून गेलं," ती म्हणाली.

हवालदाराने बरोबर आणलेला लॅपटॉप टीपॉयवर उघडला आणि दोघांनी त्यात वाकून पाहिलं. यादीत तिच्या नेटवर्कचं नाव सगळ्यात वर होतं, शेजारी कुलपाचं चित्र नाही. हवालदाराने एकदा क्लिक केलं आणि तो आत गेलासुद्धा. सबइन्स्पेक्टरने मान हलवली. मग त्याने पिशवीतून एक प्रिंट काढला, टीपॉयवर ठेवला आणि म्हणाला, "ही मुलगी ओळखता ना? तुमच्या खालच्याच मजल्यावरची."

ओळखत होती. अख्खी बिल्डिंग ओळखत होती आणि दोन महिने अख्खी बिल्डिंग तेच बोलत होती. समीक्षा, लवू घाडींची मुलगी, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. तिच्या नावाने कोणीतरी एका साइटवर पान उघडलं, त्यावर तिचा फोटो टाकला, मोबाइल नंबर टाकला आणि खाली असलं काही लिहिलं की दुसऱ्या दिवसापासून त्या नंबरवर कुठल्या कुठल्या पुरुषांचे फोन यायला लागले. लवू घाडींनी कंप्लेंट केली. ते पान कुठल्या लाइनवरून बनलं ते साइटवाल्यांकडून आणि मग इंटरनेट कंपनीकडून काढायला पोलिसांना इतके दिवस लागले होते, आणि लाइन निघाली होती सुचेताच्या नावावर. प्रिंटवरचं पहिलं वाक्य वाचून तिने नजर वर फोटोकडे नेली. फोटो कोजागिरीचा होता. सोसायटीची गच्ची, ट्यूबलाइटचा उजेड, समीक्षाच्या हातात दुधाचा कागदी पेला, ओठावर दुधाची मिशी, डोळे हसण्यात अर्धे मिटलेले. फोटो उजवीकडून कापला होता. कापताना अगदी कडेला बोटभर हिरवी पट्टी राहून गेली होती आणि तिच्यावर जरीची एक रेघ. दुसऱ्या कोणाला ती दिसलीच नसती. ती सुचेताची साडी होती. समीक्षाच्या खांद्यावर हात ठेवून ती उभी होती तेव्हा.

"हा फोटो कोणी काढला, काही आठवतं?"

"सगळेच काढत होते. सीडी सगळ्यांनी घेतल्या नंतर." यात खोटं काही नव्हतं. कॅमेरा ईश्वरचा होता, एवढं ती बोलली नाही. आणि तिला कोणी ते विचारलंही नाही.

ते गेल्यावर तिने कप विसळले, बशा पुसल्या, गॅसचा ओटा पुसला, आणि मग बेडरूममध्ये जाऊन कम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसली. मशीन चालू केलं नाही. रॅकवर राउटर होता, त्याचे हिरवे दिवे नेहमीसारखे लुकलुकत होते. हा डबा तिनेच आणला होता, लॅमिंग्टन रोडवरून, गेल्या वर्षी. ईश्वरला ऑफिसने लॅपटॉप दिला होता आणि वायर हॉलमधून बेडरूममध्ये ओढत फिरण्याचा त्याला कंटाळा यायचा. तिनेच जोडला, तिनेच त्याला नाव दिलं, आणि पहिल्याच संध्याकाळी लॉकही लावलं. मोठा पासवर्ड, आकडे आणि अक्षरं सरमिसळ, ईश्वर वैतागून म्हणाला होता, "अगं, एवढं कोण लक्षात ठेवणार? बँक आहे का ही?" त्याने तो लॅपटॉपच्या बॅगेतल्या डायरीत लिहून घेतला. तिने तो एकाच माणसाला दिला, समीक्षाला. पुण्याच्या काकांनी तिला त्यांचा जुना लॅपटॉप दिला होता, घरात नेट घ्यायला लवू तयार नव्हते, आणि सुचेताला ती पोरगी आवडायची. वर येऊन बसायची, आरोहीला मांडीवर घ्यायची, विचारायची, "काकू, आयपी अ‍ॅड्रेस म्हणजे नक्की काय हो?" विचारल्यावर उत्तर संपेपर्यंत थांबायची. क्लासमधली मुलं थांबत नाहीत.

दिवाळीनंतर ती वर येईनाशी झाली. तेव्हा सुचेताला वाटलं, परीक्षा असेल. काही अडलं तर ती खालच्या खिडकीतून हाक मारायची, "काकू!" आणि सुचेता वरच्या ग्रिलमधून वाकायची. अशीच त्या रविवारीही मारली होती. "काकू, रेंज फुल दाखवतंय पण जोडलं जात नाही!" सुचेताने वरून सांगितलं, आधी जुनी जोडणी डिलीट कर, मग पुन्हा शोध, मग पासवर्ड परत टाक. "एवढा मोठा?" "हो, एवढाच मोठा!" समीक्षा दोनदा चुकली. तिसऱ्यांदा खिडकीतून हात बाहेर काढून तिने अंगठा दाखवला, वर न बघताच. त्या हाताला मेंदी होती, कुणाच्या तरी लग्नातली, उतरत आलेली. ते पान बनलं होतं त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी. शनिवारी दुपारी सुचेताची बॅच असते, आरोहीही तिच्याबरोबर क्लासला येऊन मागच्या बाकावर चित्रं काढत बसते. शनिवारी ईश्वरला सुट्टी. आणि रविवारी लॉक होतं. लॉक होतं, आणि त्याच डब्यातून, त्याच दोन काळ्या दांड्यांमधून ते सगळं बाहेर गेलं होतं आणि समीक्षाकडे खाली उतरलं होतं.

लॉक गेलंय हे तिला कळलं ते लवूंनी कंप्लेंट केली त्या आठवड्यात. मशीन लावल्यावर कोपऱ्यात पिवळा फुगा आला, हे नेटवर्क सुरक्षित नाही. तिने मनाशी म्हटलं, लाइट गेली होती, राउटर रिसेट झाला असेल. म्हटलं, आणि म्हणता म्हणताच तिला माहीत होतं की तसं झालेलं नाही. रिसेट झाला तर तो सगळंच विसरतो. तिने दिलेलं नाव जाऊन कंपनीचं नाव परत येतं. नाव तिचंच होतं. चॅनल तिने बदलून ठेवला होता तोही तसाच होता. फक्त लॉक काढलेलं होतं. म्हणजे कोणीतरी राउटरच्या आतल्या सेटिंगच्या पानावर जाऊन, त्याचा वेगळा पासवर्ड टाकून, तेवढी एकच गोष्ट हाताने काढली होती. तो वेगळा पासवर्ड दोघांना माहीत होता. तिला आणि ईश्वरला. ती माउसवर हात ठेवून बसून राहिली. लॉक पुन्हा लावायला खरंच पाच मिनिटं लागली असती. रविवारी लावू, असं ठरवून तिने मशीन बंद केलं. तो रविवार गेला, पुढचा गेला. रोज सकाळी पिवळा फुगा यायचा आणि ती त्याच्या फुलीवर टिचकी मारायची. क्लासमध्ये मात्र पोरांना तेच शिकवत होती, नेट चालत नसेल तर आधी स्विच, मग वायर, मग कार्ड, मग सेटिंग, कंपनीला फोन अगदी शेवटी. बाहेरचा दोष धरायच्या आधी घरातलं सगळं तपासून घ्यायचं. फळ्यावर लिहिताना खडू मोडला तर अर्धा तुकडा उचलून पुढे लिहायची.

ईश्वर संध्याकाळी आला. बूट काढून मोजे बुटात खोचले, हातपाय धुतले, आरोहीची वही बघितली. लग्नाला दहा वर्षं झाली, या माणसाने कधी आवाज चढवला नव्हता. स्वतःच्या शर्टांना स्वतः इस्त्री करायचा. रत्नागिरीहून आत कुठेतरी त्याचं गाव, तिथे सगळे त्याला गरीब स्वभावाचा म्हणायचे, आणि राई गावातल्या तिच्या माहेरी, मिठागरवाल्यांच्या मोठ्या आवाजाच्या घरात, तो सोफ्याच्या कडेला बसून सगळ्यांना हो म्हणायचा. फक्त एकदा, दोन वर्षांपूर्वी, समोरच्या शहांनी गॅलरी जाळी लावून आत घेतली तेव्हा त्याने डाव्या हाताने एक निनावी अर्ज लिहिला होता. तिने बघितला तर म्हणाला, "अक्षर ओळखायला नको." पालिकेची माणसं येऊन जाळी तोडायला लागली तेव्हा तो दारात उभा राहून शहांना म्हणत होता, "बहुत बुरा हुआ, शाहभाई, किसने किया होगा?" दार लावून घेतल्यावर त्याने तिच्याकडे बघितलं आणि डोळा मारला. आणि ती हसली होती. तोंडावर हात धरून, खूप हसली होती. आज सकाळपासून हीच गोष्ट पुन्हा पुन्हा तिच्या मनात येत होती, अर्ज नव्हे, जाळी नव्हे, स्वतःचं हसणं.

"पोलीस आले होते," ती म्हणाली. आरोही झोपायच्या खोलीत होती.

"हो? कशाला?" त्याने टॉवेल खुंटीला लावला. नीट, दोन्ही टोकं जुळवून.

"समीक्षाचं. आपल्या लाइनवरून झालंय म्हणाले."

"आपल्या?"

"मी सांगितलं, आपलं नेट ओपन होतं. सुरुवातीपासून."

तो वळला. तिने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. काय बघायचं होतं ते तिलाही माहीत नव्हतं. चोरी, भीती, काहीतरी. तिथे फक्त दिवसभराचा थकवा होता, आणि तोही सैल होत चालला होता.

"मी तुला कितीदा म्हटलं होतं," ईश्वर म्हणाला, "लॉक लाव म्हणून."

तिने ताटं घेतली. भात वाढला. त्या एका वाक्याने त्याने सगळं सांगून टाकलं होतं आणि तिला माहीत आहे हेही त्याला कळलं होतं, आणि दोघांनी मिळून आता ते खरं म्हणून वापरायचं होतं. त्याने आमटी मागून घेतली. ऑफिसने जुना लॅपटॉप परत घेऊन नवीन दिला, हे त्याने कंप्लेंटनंतर थोड्याच दिवसांत सांगितलं होतं. तेव्हा तिने पेढे मागून त्याची थट्टा केली होती.

मग एके दिवशी दुपारी लिफ्ट बंद होती आणि भाजीची पिशवी घेऊन चढताना तिसऱ्या मजल्याच्या वळणावर समीक्षा उभी होती. घराच्या दारात, अर्धी आत. ओढणी डोक्यावरून घेतलेली, ही मुलगी कधी ओढणी घ्यायची नाही. गाल बसले होते.

"काकू, एक विचारू?"

"विचार ना."

"तुमचं नेट लॉक होतं ना?" ती अगदी हळू बोलत होती. "रविवारी मी पासवर्ड टाकला होता. मोठा होता. मी दोनदा चुकले. तुम्ही वरून सांगत होता."

पिशवीतल्या मेथीच्या मुळांची माती सुचेताच्या मनगटावर लागली होती. "तो आधी होता गं," ती म्हणाली. "मग काढला होता."

"रविवारी होता, काकू."

"तुझी गल्लत होतेय. इतक्या टेन्शनमध्ये..."

"मी पप्पांना पण सांगितलं. ते म्हणाले, काकू कशाला खोटं बोलतील? त्या शिकवतात ते." समीक्षा थांबली. पूर्वी थांबायची तशीच, उत्तर पुरतं संपेपर्यंत. सुचेताला वाटलं, आता ही दिवाळीनंतर वर का येत नव्हती ते सांगेल, लिफ्टमधलं, जिन्यातलं, ईश्वरचं काय असेल ते, आणि तिने ते सांगू नये म्हणून सुचेताने पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाली, "आरोही यायची वेळ झाली गं."

"बरं," समीक्षा म्हणाली आणि दार लावून घेतलं. आवाज न करता, कडी हळूच सरकवून.

रविवारी सुचेता आरोहीला घेऊन राईला गेली. आईने, रखमाबाईने, तिच्याकडे एकदा बघितलं आणि विचारलं, "काय झाला गो? बोलत का न्हाय?" "काही नाही," ती म्हणाली. मागच्या पडवीतून पूर्वी मिठागरं दिसायची, आता भरणी टाकून वर उभे केलेले टॉवर दिसत होते. तिला आपला बाप आठवला. एका वर्षी ऐन हंगामात कोणीतरी खाडीची उघाडी, भरतीचं पाणी अडवणारी फळी, काढली आणि आगरातलं तयार मीठ पाण्याखाली गेलं. मजूर म्हणत होते, धाकट्या काकाला बांधावर पाहिलंय. पंचांपुढे बाप, धर्मा, म्हणाला होता, खेकड्यांनी बांध पोखरला. तिने आईला विचारलं, उघाडी काकाने काढली ते बाबांना माहीत होतं का?

"म्हाईत व्हता," आई म्हणाली, मासे साफ करता करता. "सगला म्हाईत व्हता."

"मग?"

"मग काय? घरातला व्हता तो." आईने खवलं पाण्यात झटकली. "पन त्याचे पाठी तुजा बापूस कंदी आगरावं गेला न्हाय. लोकां म्हनाली, थकला. तो थकला नव्हता गो."

त्यानंतर आठवड्याभराने मंदा वर आली, समीक्षाची आई. हातात तो पुण्याचा लॅपटॉप, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला. बसा म्हटलं तरी बसली नाही. "वहिनी, कोणाला हवा असला तर बघा. जे देतील ते देतील. घरात नको वाटतो."

"समीक्षा?"

"लांज्याला पाठवली, भावाकडे. कॉलेज बंद केलं. स्थळं बघतोय." मंदाने डोळे पुसले नाहीत, ते कोरडेच होते. "रात्री उठून बसायची हो. फोन नाही काही नाही, तरी कान दाबून बसायची. म्हणायची, वाजतोय." मग जाता जाता उंबऱ्यात थांबून तिने सुचेताचा हात धरला. "तुम्ही पोलिसांना सरळ सांगून टाकलंत ते बरं केलंत. नाहीतर बिल्डिंगमधल्या कुठल्या तरी भल्या माणसावर आळ आला असता."

तो हात सुटल्यावरही सुचेताला आपल्या बोटांवर जाणवत राहिला. खरखरीत, थंड, नुकताच भांड्यांतून काढलेला. लॅपटॉप टीपॉयवर होता, ज्या जागी तो प्रिंट ठेवला होता साधारण तिथेच. ती त्याच्यासमोर बसून राहिली. इतके दिवस तिला वाटत होतं की आपण भितोय, फ्लॅटसाठी, आरोहीसाठी, लोकांच्या तोंडांना. आता बघायला गेली तर आत भीतीसारखं काही सापडेना. संध्याकाळची बॅच तिने फोन करून रद्द केली. आरोहीला समोर शहांकडे बसवलं. ईश्वर येईपर्यंत असू दे म्हणाली. आणि रिक्षा करून पोलीस स्टेशनला गेली.

बराच वेळ बाकावर बसावं लागलं. पुढे एका माणसाची मोटरसायकल हरवली होती आणि तो रंग सांगत होता, आधी काळा, मग काळपट निळा. तिची पाळी आली तेव्हा सबइन्स्पेक्टरने तिला लगेच ओळखलं. "बोला मॅडम. लावलं का लॉक?"

"साहेब, ते ओपन नव्हतं."

"काय?"

"ज्या दिवशी ते पान बनलं त्या दिवशी लॉक होतं. दुसऱ्या दिवशीही होतं. नंतर काढलं कोणीतरी. मी खोटं सांगितलं."

तिचा आवाज आज क्लासमधला नव्हता. तो कुठला होता तेही तिला ओळखू आलं नाही, बारीक, घोगरा. त्याने ड्रॉवर उघडला आणि काही न काढता बंद केला. "मॅडम, घाडींनी लिहून दिलंय. पुढे काही करायचं नाही म्हणून. मुलीचं लग्न बघतायत. कोर्टात मुलीला उभी करणार नाहीत ते. आता तुम्ही हे सांगून..." त्याने हात उघडले.

"लिहून घ्या," ती म्हणाली.

"कशात लिहू?"

"कशातही."

त्याने पेन उचललं, पण कागद घेतला नाही. मग नुसतंच, जणू कामाचं बोलणं संपलंय अशा सुरात, विचारलं, "लॉक होतं, तर मग पासवर्ड कोणाकडे होता?"

"माझ्याकडे. समीक्षाकडे." तिने पदराचं टोक मुठीत धरलं. "आणि मिस्टरांकडे."

मोटरसायकलवाला मागे अजून कुणाला तरी रंग समजावत होता. सबइन्स्पेक्टरने पेनाला टोपण लावलं. "घरी जा, मॅडम," तो म्हणाला, आणि थोडं थांबून, पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत बघून, "मुलगी आहे ना तुम्हाला? चित्रं काढते ती?"

"हो."

"कितवीला?"

"तिसरीला."

त्याने पेन खिशाला अडकवलं.

परत येताना तिने रिक्षा कोपऱ्यावरच सोडली. दुकानांचे दिवे लागले होते, टँकर मागे घेत होते, चौथ्या मजल्यावर त्यांच्या हॉलमध्ये उजेड होता. म्हणजे ईश्वर आला होता आणि आरोहीला शहांकडून घेऊनही आला होता. हे लक्षात आलं आणि ती जिने पळत चढायला लागली, लिफ्टची वाट न बघता, तिसऱ्या मजल्यावरच्या बंद दारापुढून, धापा टाकत. बेलकडे हात नेला तोच दार उघडलं. तो दारातच उभा होता, घरातल्या कपड्यांत, एक हात चौकटीवर.

"कुठे गेली होतीस? क्लासमध्ये फोन केला तर म्हणाले, सुट्टी घेतलीय."

"पोलीस स्टेशनला," सुचेता म्हणाली.

त्याचा चेहरा हलला नाही. पण चौकटीवरचा हात त्याने काढला नाही, आणि तो बाजूलाही झाला नाही. आतून आरोहीने विचारलं, "बाबा, कोण आलंय?"

सुचेताने त्याच्या हाताखालून आत बघत मोठ्याने हाक मारली, "आरोही, चप्पल घाल. बाहेर ये."